सकाळचं पहिलं पाणी

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी साडेतीन वर्षांची. आम्ही तिला पोपट म्हणायचो, कारण तिचं तोंड म्हणून बंद नसायचं. मग ती हळूहळू गप्प होत गेली. पोट दुखतं म्हणायची, ताटावरून उठायची. धाकटी म्हणाली, "ताई, या घरातले पाइप फार जुने आहेत गं. एकदा आमचं पाणी बघ की."

पाणी तपासणं हेच माझं काम. बावीस वर्षं झाली. त्यातली वीस जंतू शोधण्यात गेली, आता दोन वर्षं शिसं शोधते. आमच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या नळीत डीएनएचे बारीक तुकडे असतात. त्यांना चमकणारा रंग जोडलेला असतो आणि त्याची चमक दाबून ठेवणारा दुसरा. शिसं आलं की तुकडा कापला जातो, रंग मोकळा होतो आणि यंत्राच्या उजेडात नळी हिरवी चमकते. नळी काळी राहिली की आम्ही खूश.

सुट्टीच्या दिवशी मी स्वतः गेले. नेहमीच्या सवयीनं नळ पाच मिनिटं सोडून दिला, मग बाटली भरली. नळी काळीच राहिली. वर मी धाकटीलाच झापलं. "उगाच डोक्यात खूळ घेऊन बसू नकोस. पाणी स्वच्छ आहे. पोट साफ होत नसेल तिचं. सकाळी उठल्या उठल्या पेलाभर पाणी पाज." मोठ्या बहिणीचा शब्द तो. तिनं ऐकला.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी मुलीचं रक्त तपासलं. शिसं निघालं, आणि तेही भरपूर. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नळ सोडून द्यायचा तो जंतूंसाठी. शिसं रात्रभर पाइपात साचलेल्या पाण्यात उतरतं, आणि नेमकं तेच पाणी मी मोरीत घालवलं होतं. आमच्या नियमांच्या वहीत हे दुसऱ्याच पानावर लिहिलंय. वाचा म्हणणाऱ्या नव्या पोरींना मी म्हणायचे, मला शिकवू नका. कसला माज होता तो, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला धाकटीच्या नळाचं पहिलं पाणी भरून नेलं. दहा मिनिटांत नळी हिरवीगार झाली.

संध्याकाळी जाऊन धाकटीला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिनं मला वाट्टेल ते बोलावं म्हणून मी समोर उभी राहिले. मुलगी जमिनीवर बसून चमचा आपटत होती. तिचं बोलणं परत येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

धाकटीनं स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"ती नको नको म्हणायची, ताई," ती म्हणाली. "मी रोज सकाळी नाक दाबून पाजायचे."