जपानच्या पेठेत हरवलेला डावा बूट

मी एक जुना डावा बूट आहे. मित्रांनो, माझा जोडीदार उजवा. धुळ्याच्या एका कारागिराने आम्हा दोघांना शिवलं. केळीवाले शेतकरी जपान बघायला जाणार होते, त्यांत आमचे मालक शालिग्राम आबा. माप द्यायला आणि चामडं पसंत करायला आबांच्या पत्नी बेबाबाई सोबत आल्या. "जरा सैल ठेवा, यांचे पाय सुजतात," म्हणाल्या. पुढे पोळ्याच्या सुमाराला त्या वारल्या. जावयाने आबांना जवळजवळ ढकलूनच विमानात बसवलं.

तिथल्या एका गावात जुनी व्यापारी पेठ जपून ठेवली आहे. लाकडी दुकानं, पांढरी गोदामं, झाडलेली गल्ली. बघायला सुंदर, पण आमचा जीव गेला. दर घरी बूट काढा, दर घरी घाला. त्यात आबांची देवळातली सवय. चोरी होऊ नये म्हणून मला दारात ठेवायचे आणि उजव्याला लांब कुठेतरी लपवायचे.

"आबा, आठे तुमना बूट कोन ली जाई?" सोबत आलेले पारोळ्याचे भाईदास वैतागले.

"नशिराबादच्या लग्नातून मी अनवाणी घरी आलोय. तू गप बस."

एका सोयासॉसवाल्याच्या घरी त्यांनी उजव्याला पिंपामागे कोंबलं. तिथे देखरेख करणाऱ्या म्हातारीला मी एकटाच दिसलो. कुणाचा जोड चुकला असं वाटून ती मला घेऊन गल्लीभर विचारत फिरली. मी काय सांगणार?

आबा बाहेर आले. उजवा होता, मी नव्हतो. बस उभी, मंडळी चिडलेली.

"आबा, नवा जोड ली ल्या."

"हा आमच्या हिने पसंत केलेला आहे. तुम्ही जा, मी नाही येत."

तेवढ्यात म्हातारी मला दोन्ही हातांत धरून परतली. आबांच्या हातातला उजवा तिने घेतला, आम्हाला पायरीवर शेजारी शेजारी ठेवलं, तोंडं रस्त्याकडे, आणि वाकून बाजूला झाली. घरी आम्हाला असं मांडून ठेवणारं आता कुणी नव्हतं.

आबांनी पाय घातले नाहीत. खालीच बसले.

"आबा, बस सुटी जाई."

"सुटू दे. दोघं सोबत आहेत, जरा बघू दे."

मित्रांनो, त्यानंतर त्यांनी आम्हाला कधी वेगळं ठेवलं नाही. आता उजव्याचा तळ गेला आहे. मी अजून धड आहे, म्हणून घरचे लोक मला ठेवून त्याला टाकायचं म्हणतात. ऐकून डोकं फिरतं. चोरांची एवढी भीती असेल तर घरी बसा, पण जोड तोडू नका. आणि टाकायचीच वेळ आली, तर एकट्याला टाकू नका.