आईच्या पायाखालचा ब्रेक

आमच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसणाऱ्या आईच्या. आई लोकांना गाडी चालवायला शिकवते. अर्धं शहर तिच्या हाताखालून, खरं तर पायाखालून गेलंय.

आणि त्या रविवारी मला तो दुसरा ब्रेक मुळासकट उपटून गटारात फेकावासा वाटत होता.

मुळात मी चर्चमधूनच तापून बाहेर पडले होते. शाळेच्या वादविवाद संघात माझी निवड झाली होती. माझी! गेल्या वर्षापर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही माझा आवाज घशात अडकायचा, आणि आता पोरं मला तोफ म्हणतात. स्पर्धा परगावी, जायचं शाळेच्या बसने. सोमवारी सकाळी भूगोलाच्या बाईंना हो की नाही ते सांगायचं, नाहीतर माझ्या जागी गोगलगाय जाणार. गोगलगाय म्हणजे आमच्या वर्गातली ती मुलगी, जी मुद्द्यावर येईपर्यंत समोरच्याला झोप लागते.

आई म्हणत होती, नाही. कारण काय, तर बस रस्त्यावरून जाते.

माझे बाबा दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच गेले. पहाटे एकटेच गाडी चालवत घरी येत होते, डोळा लागला. आईला भीती का वाटते ते मला कळतं, मी काही दगड नाही. पण त्याच रविवारी आई सगळ्यांसमोर उभी राहिली (भगिनी मंडळाची प्रमुख ना ती!) आणि मधाळ आवाजात म्हणाली, “भगिनींनो, आपल्या सगळ्या काळज्या प्रभूच्या हाती देऊ या आणि मोकळ्या हातांनी घरी जाऊ या.”

बायकांनी रुमाल काढले. ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी मला कोपराने ढोसून म्हणाल्या, “काय विश्वास आहे गं तुझ्या आईचा!”

“हो ना,” मी म्हटलं. “फक्त घरी न्यायचा विसरते.”

पुढच्या गीताची सुरुवात मावशींनी चुकीच्या सुरात केली.

बाहेर आल्यावर आईने माझ्या हातात किल्ली दिली. बारावीतच मला अठरा पूर्ण झाली, त्यामुळे शिकाऊ परवाना नुकताच मिळालाय. “घरापर्यंत तू चालव. आणि तोंड सरळ कर.”

मी निघाले. व्यवस्थित, आरसे बघून, इंडिकेटर देऊन. कोपऱ्यावर पोहोचते न पोहोचते तोच आईने तिचा ब्रेक दाबला. माझा पाय क्लचवर नव्हता, गाडी गचका खाऊन बंद पडली. मागे भोंगे सुरू.

“आता काय झालं?”

“कुत्रं होतं.”

“आई, ते फुटपाथवर झोपलं होतं!”

“उठलं असतं म्हणजे?”

पुढे सिग्नलला तेच. हिरवा दिवा होता, रस्ता मोकळा होता, तरी कचकन ब्रेक. मागच्या टेंपोवाल्याने खिडकीतून डोकं काढून आमच्या खानदानाचा उद्धार केला. मग मात्र माझं डोकं फिरलं. रविवारचं बंद असलेलं एक फर्निचरचं दुकान दिसलं, त्याच्या आवारात गाडी घातली आणि हँडब्रेक ओढला.

“हे काय? घरी चल.”

“नाही. आधी मला सांग, तुझा विश्वास फक्त माइकसमोर चालतो का?”

“जीभ आवर.”

“नाही आवरणार! बोल बाई, अशी मुकी राहू नकोस, म्हणून कोण मागे लागायचं? आता बोलतेय तर ऐक. चर्चमध्ये सगळं प्रभूच्या हाती देतेस आणि गाडीत बसल्याबसल्या परत काढून घेतेस. मला बसने पाठवत नाहीस, सायकल देत नाहीस. घरी जेवतानासुद्धा तुझा पाय टेबलाखाली ब्रेक शोधत असतो! मला दिसतं ते!”

आई समोरच्या काचेतून बघत राहिली. गाडी बंद होती, तरी तिचा पाय ब्रेकवर होता. दाबलेला.

“त्या पहाटे मी शेजारी असते,” ती म्हणाली, “तर दाबला असता.”

तोफेची दारू तिथेच ओली झाली. राग गेला नव्हता, पण आईवरून उठला होता आणि आता कुठे बसावं ते त्याला कळत नव्हतं. मग कळलं.

“मग त्याने का नाही दाबला?”

“कोणी?”

“ज्याच्या हाती सगळं देतेस, त्याने.”

मला वाटलं, बसली आता कानाखाली. पण आई म्हणाली, “तेच तर.” आणि तिचा तो मधाळ आवाज फाटला. “निघायच्या आधी आम्ही फोनवर प्रार्थना केली होती. तुझ्या बाबांना मी त्याच्या हातात दिलं होतं गं. आता तुला पण देऊ? इतका राग आहे मला त्याचा, कशी देऊ?”

“मग हे त्याला सांग ना! माझ्यावर का काढतेस? मी काय घोडं मारलंय?”

“देवाशी असं बोलतात का?”

“मी भूगोलाच्या बाईंवर कधी ओरडते का? नाही. तुझ्यावर ओरडते, कारण तू माझी आहेस. तो तुझा कोणी आहे की नाही?”

आईने दोन्ही हात समोरच्या डॅशबोर्डवर इतक्या जोरात आपटले की पुढचा खण उघडून रुमाल, पेनं, गोळ्या सगळं तिच्या मांडीवर सांडलं.

“प्रभू! तू होतास ना तिथे? मग हात का नाही पुढे केलास? गोड बोलून बोलून तोंड आंबलंय माझं! दोन वर्षं मी एकटी ब्रेक दाबतेय, दमले मी! ऐकतोयस का?”

टकटक. खिडकीशी दुकानाचा रखवालदार वाकून बघत होता. आईने काच खाली केली.

“ताई, काही मदत हवीय का?”

“नको दादा. प्रार्थना चाललीय.”

तो हळूहळू मागे सरकला. आईने काच वर केली आणि उरलेलं दातांतून बोलली. “ही एकच राहिलीय माझी. ही घे. द्यायची इच्छा नाहीये, तरी देतेय. माझ्याच्याने सांभाळणं होत नाही. घे.”

मग तिने चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसली.

“चालव.”

इतकी मोठी वकिली केली होती मी, पण गाडी सुरू करताना मीच आरसे दोन-दोनदा तपासले. शेजारी आता पाय नव्हता. ‘बघ हां,’ मी मनात त्याला म्हटलं, ‘मी अजून रागावलेलीच आहे. पण लक्ष ठेव.’

आमच्या वळणापाशी एक सायकलवाला हात न दाखवता मध्ये घुसला. आईचा गुडघा ब्रेककडे उसळला, तिने मुठीत पदर आवळला आणि “प्रभू!” असं काही ओरडली की सायकलवालाच दचकला. पण मांडी मोडली नाही. क्लच मी दाबला, ब्रेक मी दाबला. गाडी थांबली आणि बंद पडली नाही.

घरासमोर मी दार उघडून उतरले. आई जागची हलेना.

“आता काय?”

“पायाला मुंग्या आल्यात.” ती हसत होती आणि डोळे पुसत होती. “हात दे. आणि उद्या तुझ्या बाईंना सांग, येतेय म्हणून.”

मी किंचाळले. मग सावध होऊन विचारलं, “आणि काळजी?”

“ती सकाळी परत येणारच. तू येईपर्यंत रोज ओरडून देणार आहे मी त्याला.”

“भगिनी मंडळातसुद्धा?”

“नको गं,” आई लंगडत पायरी चढली, “ऑर्गनवालीला झेपायचं नाही.”