पाल्यावरचे झाकण

न्गालुलाची लेक म्बुयी तापातून उठली होती आणि भुकेने कळवळत होती. म्हणून न्गालुलाने कसाव्याच्या झुडपाचा पाला उखळात कसाबसा कुटला आणि लवकर शिजावा म्हणून भांड्यावर झाकण ठेवले. सासू असती तर म्हणाली असती, "अगं सटवे, पाल्यातलं विष वाफेवाटे जाऊ दे की." पण सासूला पुरून पावसाळा उलटला होता.

लाकडे घेऊन ती परतली, तेव्हा झाकण जमिनीवर पडले होते. तिने ते पुन्हा ठेवले. तोच अंगणातल्या रिकाम्या उखळात मुसळ पडू लागले, सासूच्याच संथ ठेक्यात.

"म्बुयी, बाहेर कोण आहे गं?"

"आजी. म्हणते, झाकण तसंच राहिलं तर मी आज तिच्याकडे राहायला जाईन."

न्गालुलाने झाकण काढले. दुपार कलेपर्यंत पाला उघडाच शिजला, आणि तोवर मुसळ थांबले नाही.