धोंडाबाईची ओळख

निवडणुकीची ड्यूटी चुकवायला पुंजाराम मास्तरांनी काय कमी खटपट केली होती? नाशिक रोडच्या शाळेतले निम्मे मास्तर त्या आठवड्यात आजारी पडले, तसं त्यांनीही पडून पाहिलं. पण कलेक्टर कचेरीत कुणी दाद दिली नाही. ऐंशी सालच्या जानेवारीत घोटीकडच्या एका खेड्यात, शाळेच्या खोलीत, ते केंद्राध्यक्ष होऊन बसले. एका दिवसाचं राज्य, आणि चुकलं तर सगळं खापर आपल्याच डोक्यावर. मास्तरांना ते मनापासून नको होतं.

दुपारी धोंडाबाई आली. यादीत नाव निघालं. बोटाला शाई लावणार, तोच एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून आत बसलेला नाथा उठला. यादीत आपल्या बायकोचं नाव आहे आणि ही बाई ती नव्हे, असा त्याने रीतसर आक्षेप घेतला.

कोतवाल सहादू मास्तरांच्या कानाशी लागला. बायको हीच, पण नाथाने दुसरी आणली नि हिला घराबाहेर काढलं. सरकारी माणसापुढे ही बायको ठरली तर उद्या शेतात हिस्सा मागेल, ही त्याला धास्ती. साक्ष द्यायला मात्र सहादू तयार नव्हता. गावात राहायचं होतं त्याला.

आता निवाडा मास्तरांनीच करायचा होता. त्यांनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं. पुन्हा विचारलं. तिने पदर पुढे ओढला. ओळख पटली नाही तर मत देता येणार नाही, हेही त्यांनी समजावून सांगितलं. नाथा गालात हसला.

"नाव नाय घ्यायची मी, साहेब," ती म्हणाली. "घेतलं तर त्याचं आयुष्य कमी व्हतं. मग ऱ्हाऊ द्या मत."

आणि ती खरंच माघारी वळली. मास्तर खुर्चीवरून उठले.

"थांबा, बाई." ते नाथाकडे वळले. "तोतया असती तर नाव सांगून केव्हाच मोकळी झाली असती. तुमचं बरंवाईट होऊ नये म्हणून जी मत सोडून निघाली, ती तुमची बायको नाही तर कोण? आक्षेप फेटाळला."

"तुम्ही काय बी ठरवा, मास्तर," नाथा म्हणाला. "ही माझी कोणी नाय. सगळ्यांदेखत सांगतो."

धोंडाबाईने ते ऐकलं. बोटाला शाई लावून घेतली, आडोशाला जाऊन शिक्का मारला, मतपत्रिका घडी घालून पेटीत टाकली. घाई कशाचीच केली नाही. मग बाहेर जाताना ती त्याच्या बाकासमोर थांबली आणि तिने डोक्यावरचा पदर मागे सारला.

"नाथा," ती म्हणाली, "जाते मी."

दाराशी उभ्या असलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. नाथाचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तरांनी यादीत तिच्या नावाखाली रेघ ओढली आणि पुढचं नाव पुकारलं.