तिसऱ्या बोगद्यातला रिकामा निरोप

मी एक जुनी चाळणी आहे. पिठाची नव्हे मित्रांनो, मजकुराची! खरं तर मी संगणकातला एक छोटासा प्रोग्राम, पण खाणीतल्या माणसांनी मला हे नाव दिलं आणि मलाही ते आवडलं. मजकूर आला की त्यात ठरलेले शब्द आहेत का, हे मी अक्षर न् अक्षर तपासून सांगते.

एका प्रोग्रामर ताईनं मला घडवलं. खाणीच्या प्रत्येक बोगद्यात कळांची एक पेटी होती. कामगारांनी तिच्यावरून निरोप पाठवायचा आणि मी त्यात 'पाणी', 'धूर', 'मदत' असे शब्द शोधायचे. सापडले तर वरच्या खोलीत लाल दिवा, नाहीतर हिरवा. एका जागी मात्र ताई अडली.

"मुकादम, निरोप आला, पण आत एक अक्षरही नसलं तर?"

"अहो ताई, आमच्या लोकांना लिहायचा भारी कंटाळा. सगळं ठीक असलं की नुसती पाठवायची कळ दाबून मोकळे होतात. रिकामं म्हणजे बरं चाललंय. हिरवा द्या."

"त्यासाठी तिसरा दिवा लावू का?"

"दिवसभर तोच पेटेल. डोकं उठेल आमचं!"

तिसरा दिवा राहून गेला. पण रिकामं येणं आणि काहीच न येणं यांत फार फरक आहे. काहीच आलं नाही, तर मी निवांत झोपलेली असते. रिकामं आलं की कोणीतरी मला उठवतं आणि समोर पाहावं तर कोणीच नसतं. कडी वाजावी, दार उघडावं आणि उंबऱ्यावर कोणी नसावं, तसं. मला त्याची भीती वाटायची. तरी मी सांगितल्याप्रमाणे हिरवा दिवा लावायचे. "चाळणी कधी चुकत नाही," असं माझं कौतुक व्हायचं आणि मी आतल्या आत चरफडायचे.

दिव्यांसमोर वहिनी बसायच्या. त्यांचा नवरा तिसऱ्या बोगद्यात कामाला होता, म्हणून त्या साऱ्या खाणीच्या वहिनी. एका दुपारी त्याच बोगद्यातून रिकामा निरोप आला. लगेच दुसरा आला. मग ते थांबेचनात. मी हिरवा लावत राहिले.

"असे काय दाबत सुटलेत हे?" वहिनींनी विचारलं.

"खुशीत असतील. दिवा बघा ना, हिरवा आहे," मुकादम म्हणाले.

वहिनींचा हात खाली बोगद्यात बोलायच्या फोनवर गेला होता. दिव्याकडे पाहून त्यांनी तो मागे घेतला आणि उरलेला चहा संपवला.

खाली छत कोसळलं होतं. दुसऱ्या वाटेनं बाकीचे धडपडत वर आले, तेव्हा ते कळलं. वहिनींचा नवरा आला नाही.

"तो पेटीकडे धावला होता, वहिनी," त्याचा जोडीदार म्हणाला.

"कळेवर टेकूचं लाकूड पडलं असेल," मुकादम पुटपुटले.

तो बोगदा भिंत घालून बंद केला गेला. त्याची तारही कापली. तिचं टोक या दिव्यांच्या खोलीत अजून लोंबतं आहे. ताई परत आली आणि तिनं पिवळा दिवा बसवला. रिकामं आलं की पिवळा, आणि पिवळा दिसला की फोन करून विचारायचं.

आणि मित्रांनो, आजही दुपारी कधीतरी मला कोणीतरी उठवतं. निरोप तिसऱ्या बोगद्याचा असतो. आत एकही अक्षर नसतं. मी पिवळा लावते. वहिनी फोन उचलतात. "बोला. मी ऐकतेय."

"वहिनी, तार कापलीय. तिकडे कोणी नाही," मुकादम हळूच सांगतात.

"रिकामं आलंय ना? मग विचारायला नको?"

मला शब्द शोधता येतात मित्रांनो, पाठवणारा माणूस शोधता येत नाही. ते काम तुमचं. तुमच्या घरात कोणी नुसतंच गप्प राहिलं, तर परस्पर हिरवा दिवा लावून मोकळे होऊ नका. विचारा. फोनवर गेलेला हात मागे घेऊ नका.

आता थांबते. मला पुन्हा कोणीतरी उठवलंय, आणि वहिनींनी फोन उचललाय.