रानपिस्त्याची कॉफी

डॉक्टरांनी कॉफी बंद केली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू ते घराचं छप्पर उचलून न्यायला आले आहेत. हृदयाचे ठोके चुकताहेत, डॉक्टर म्हणाले, आता एक थेंबही नको. सासूबाईंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि मला म्हणाल्या, "चल, नेजला. हा पोरगा कालपर्यंत दूध पीत होता, त्याला कॉफीतलं काय कळतंय?"

मार्दिन शहरातल्या आमच्या गल्लीत बेसिमे हानिमच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हातची मिर्रा प्रसिद्ध. मिर्रा म्हणजे पुन्हापुन्हा उकळून आटवलेली कडूजहर कॉफी, घोटभरच प्यायची. लग्न असो की मयत, किटली त्यांच्याच हातात. मी सून असून मला वेलची पुढे करण्यापलीकडे मान नव्हता. आता मात्र ती किटली मी कपाटात टाकून कुलूप लावलं, आणि त्यांनी माझ्यावर राग धरला.

मग मी एकेक करून बघायला लागले. रानओव्याचा काढा केला, तर म्हणाल्या, "मला सर्दी झालेली नाही." बाबूनाची फुलं उकळली, तर, "यात कुणी पाय धुतले?" सातू भाजून, दळून त्याची कॉफी केली. रंग अगदी हुबेहूब. त्यांनी नुसता वास घेतला. "गाढवाला दे. त्यालाही आधी विचार." फेव्झी, माझा नवरा, पेपराआड हसत होता. आईचा जीव आणि बायकोचं डोकं, दोन्ही जायची वेळ आलीय आणि हा हसतोय! मी त्याला पेपरासकट घराबाहेर काढलं.

शेवटी बाजारातून बित्तिम आणलं. बित्तिम म्हणजे रानपिस्त्याची मिरीएवढी फळं. डोंगरातले लोक ती भाजून, कुटून, दुधात उकळून कॉफी म्हणून पितात. मी पडले शहरातली. चांगली दिसतात म्हणून तांबडी फळं जास्त घेतली, भाजली आणि सरळ कॉफी दळायच्या यंत्रात घातली. यंत्राने दोन गिरक्या घेतल्या आणि मान टाकली. उघडून बघते तर आत नुसतं डांबर. त्या एवढ्याशा फळात इतकं तेल असतं हे मला काय ठाऊक!

सासूबाई दारात उभ्या राहून पोट धरून हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच. "अगं येडे, बित्तिम यंत्रात घालतात होय? ते खलबत्त्यात कुटायचं. आणि तांबडं पोकळ असतं, निळंहिरवं बघून घ्यायचं." एवढं बोलून त्यांनी एकदम पाठ फिरवली. हे त्यांना कुणी सांगितलं होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

सेमिराने. त्यांच्या एकुलत्या एका लेकीने. तिचा नवरा जेमशीद सावूरकडच्या डोंगरातला. आमच्या गल्लीत दगड घडवायच्या कामावर आला होता. तेव्हा सेमिराच्या तोंडी दिवसभर डोंगर, बकऱ्या आणि बित्तिम. त्याच्या घरचे रीतसर मागणी घालायला आले, तर सासूबाई तोंडावर म्हणाल्या, "बकऱ्यांच्या चाऱ्याला कॉफी म्हणणाऱ्यांच्या घरात माझी मुलगी जाणार नाही." मुलगी गेली. पहाटे, कुणाला न सांगता. त्यानंतर तिचं नाव या घरात कुणी काढलं नाही.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, अशी ही बाई. पण आजारी पडल्यापासून खिडकीशी बसायच्या आणि डोंगराकडची मिनीबस थांबली की मान उंच करून बघायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "ऊन बघतेय." त्यांना कॉफी नको होती, लेक हवी होती. आणि ते हृदय तोवर धीर धरेल याची हमी डॉक्टरही देत नव्हते.

मी सेमिराला फोन केला. यंत्राची गोष्ट ऐकून ती खो खो हसली आणि हसता हसताच रडायला लागली.

"वहिनी, कशी आहे गं ती?"

"बारीक झाल्यात. जिभेची धार तेवढी शाबूत आहे. तू ये ना."

"तिने बोलावल्याशिवाय उंबरा चढणार नाही मी."

मायलेकी एकाच मातीच्या! मी कपाळाला हात लावला.

ती आली नाही, पण दुसऱ्या दिवशी मिनीबसवाल्याने एक बरणी आणून दिली. आत काळपट हिरवा, तेल सुटलेला लगदा. सेमिराने फोनवर सांगितलं तसं केलं. चमचाभर लगदा, पेलाभर दूध, थोडी साखर, मंद आच आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर खाली लागतं. भाजल्या पिस्त्याचा वास घरभर पसरला. सासूबाईंनी एक घोट घेतला. मग दुसरा.

"कुठून आणलंस?"

"बाजारातून. नवा दुकानदार आलाय."

"हं," म्हणाल्या आणि पेला पुढे केला. "अजून दे."

मग रोज दुपारी हाच नेम झाला. मिर्राचं नावही काढेनात. तोंडावर जरा तेज आलं. मी मात्र रोज खोटं बोलून दमले होते. एक दिवस बरणीचा तळ दिसला, तशा त्या उठल्या, ईदेचा मखमली झगा घातला, अत्तर लावलं.

"चल त्या दुकानदाराकडे."

"मी आणते की, आई. तुम्ही कशाला?"

"मला बोलायचंय त्याच्याशी. जरा जास्त भाजतो."

मी त्यांना बाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. दुकान बंद दिसतंय, बहुतेक पलीकडच्या गल्लीत गेलं, असं काहीबाही सांगत राहिले. शेवटी त्या मिनीबसच्या थांब्यावर बाकावर टेकल्या.

"ताकाला जाऊन भांडं किती लपवशील, नेजला? बरणीच्या तोंडाला फडकं होतं. त्याची गाठ मी शिकवलेली आहे. कुठला दुकानदार बांधतो तशी?"

"म्हणजे पहिल्या दिवसापासून... मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर उत्तर द्यावं लागलं असतं." त्यांनी माझा हात धरला. "सावूरची गाडी हीच ना?"

गाडीत त्या वाटभर डोंगराकडे बघत बसल्या. सेमिरा अंगणात बित्तिम निवडत बसली होती. आईला बघून उठली, तशी मांडीवरची फळं सगळीकडे सांडली. दोघी नुसत्या बघत राहिल्या. मिठी नाही, काही नाही. जेमशीदने धावत जाऊन गादी घातली, पाठीला उशी दिली. सेमिरा आत गेली. तिने बित्तिम केलं, पेला आईसमोर ठेवला आणि भिंतीशी उभी राहिली.

सासूबाईंनी पेल्याला हात लावला नाही.

वर साय धरायला लागली. सेमिराचा चेहरा उतरला. मला तर रागच आला. इतक्या लांब येऊन पुन्हा या लोकांच्या पेल्याचा अपमान? पण जेमशीद पुढे होऊन गुडघ्यांवर बसला. आमच्याकडे मागणं घेऊन आलेला पाहुणा ते मान्य झाल्याशिवाय पेल्याला तोंड लावत नाही. सासूबाई मागणं घेऊन आल्यात, हे त्याला माझ्याआधी कळलं.

"आई," तो म्हणाला, "काय मागायला आलात? सांगा."

सासूबाईंनी घसा साफ केला. एकदा नाही, दोनदा.

"तुझ्या घरचे माझ्या दारी मुलगी मागायला आले होते. मी दिली नाही. आज मी तुझ्या दारी आलेय." त्यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "मुलगी मागायला आलेय, जेमशीद. कायमची नको. ईदेपुरती दे."

सेमिराने तोंडावर ओढणी दाबली.

"दिली," जेमशीद म्हणाला. त्याने पेला त्यांच्यापुढे सरकवला. "प्या आता, आई."

"गार झालंय," सेमिरा रडत रडत पुढे आली. "दे इकडे, तापवून आणते."

पण सासूबाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला होता. तो काही त्यांनी सोडला नाही.