आधीच दिलेली दोन वर्षं

"सेवादास, दाखल-खारीजचं पहिलं रजिस्टर काढ," सिस्टर फिलोमिना खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या.

"अवो सिस्टर, दम तं घ्या! नागपूरहून आल्या तुमी. हॉलमंदी समदे थांबून राह्यले."

"थांबू देत. काढ तू."

मी इंदुताई, इथे मराठी शिकवते. चहाच्या निमित्तानं ऑफिसात ठाण मांडायची माझी जुनी खोड. सेवादास आमचा क्लार्क. याच मिशनच्या शाळेत शिकला आणि इथेच चिकटला. आज त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस. सिस्टर म्हणजे शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका, आता शहाऐंशीच्या. त्या निरोपाला येतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

रजिस्टर उघडलं. जून १९७२. तांड्यावरची एकोणीस मुलं दाखल, आणि एकोणिसांचीही जन्मतारीख एकच, आठ सप्टेंबर! मला हसूच फुटलं.

"मारियामातेचा जन्मदिवस," सिस्टर म्हणाल्या. "आयांना तारखा ठाऊक नव्हत्या. मग सगळ्यांना तीच दिली. निदान त्या दिवशी बोर्डिंगमध्ये गोडधोड असायचं." बाकीच्या शाळा सरसकट एक जून लावायच्या, आमच्या सिस्टरांची तऱ्हाच न्यारी.

त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"तारीख राहू दे, वर्ष बघ. तू चार वर्षांचा होतास. पहिलीला सहा पूर्ण लागायची. मी सहा लावली. म्हणून तू आज कागदावर अठ्ठावन्नचा होऊन घरी चाललास. तुझी दोन वर्षं मी खाल्ली, सेवादास."

मी कप खाली ठेवला.

"कन्फेशनमध्ये सांगितलं. फादरांनी माफ केलं. पण वर्षं काही फादरांची नव्हती ना! म्हणून तुलाच विचारायला आले. मला माफ करशील?"

सेवादासनं मान खाली घातली. निवृत्तीचं पत्र आल्यापासून त्याचा डबा तसाच घरी परत जायचा, हे मी पाहिलं होतं. म्हटलं, भला माणूस आहे, आता "जाऊ द्या सिस्टर" म्हणेल आणि मोकळा होईल.

"राग आलता," तो म्हणाला. "खोटं कायले बोलू? माह्या पोरीच्या, उर्वशीच्या नर्सिंगचे दोन वर्स बाकी हायेत. लय राग आलता. तुमचाच."

सिस्टरांनी डोळे मिटले.

"मंग मायचं बोलणं याद आलं. दुष्काळ होता त्या साली. तांड्यात खायले दाणा नोयता. तुमी मले कडेवर घेऊन बोर्डिंगात आणलं, दूध-लापशी चारली. माह्या पाठचा भाऊ घरी होता. तो गेला." त्यानं रजिस्टर हळूच मिटलं. "खाल्ले नाई तुमी, सिस्टर. ते दोन वर्स तुमी मले आधीच देल्ले. माफी कायची मांगता?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. सांगायला लाज कसली? सिस्टरांनी नुसता हात पुढे केला. सेवादासनं तो धरून त्यांना उठवलं आणि दोघं व्हरांड्यातून हॉलकडे निघाले. चार पावलं झाली की सिस्टर थांबायच्या. तोही थांबायचा.

मी दुसऱ्या दारानं पुढे पळाले आणि माईकवर उभ्या असलेल्या सरांना सांगितलं, "घाई करू नका. येताहेत दोघं, हळूहळू."